झाकून नेलेली चितरी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात घरोघर कोंबड्या होत्या आणि एके साली त्या पटापट माना टाकू लागल्या. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी आडवी!

पाटलांनी दवंडी पिटवली, "आजारी असो, धडधाकट असो, गावातली एकूणएक कोंबडी मारून पुरायची. रोग नदीपार जाता कामा नये." नुसतं बोलले नाहीत, आधी स्वतःचं खुराडं रिकामं केलं.

त्याच गावातल्या धोंडाबाईची चितरी कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसली होती. लहान पिलू होती तेव्हापासून बाईनं तिला वाढवलेली.

"आजारी हायत त्या मारा की पाटील! माझ्या चितरीनं काय घोडं मारलंय?"

"बाई, रोग दिसतो तवा उशीर झालेला असतो," पाटील म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

धोंडाबाईला पटलं. पण पटणं वेगळं आणि आपल्या हातानं देणं वेगळं. बिचारीचा जीव तुटत होता. त्या मुलखात खुडूक कोंबडी अंड्यांसकट लेकीकडे उबवायला न्यायची रीत होती. बाईनं रीतीचा आडोसा घेतला. चितरीला अंड्यांसकट डालग्यात ठेवलं, वर लुगडं टाकलं, नदी ओलांडली आणि डालगं लेकीच्या पडवीत नेऊन ठेवलं. आपणही तिथंच राहिली.

थोड्याच दिवसांत चितरीनं मान टाकली. लेकीच्या कोंबड्या तिच्याच भोवती चरत होत्या, अजून ठणठणीत. त्यांच्या अंड्यांवरच लेकीचं घर चालायचं.

"आई, खरं सांग. तुझ्या गावात रोग हाय ना?"

धोंडाबाईला खोटं बोलवेना. तिनं मान खाली घालून सगळं सांगितलं.  लेक उठली आणि तिनं कुदळ घेतली.

"अगं, बऱ्या हायत त्या! कुणाला ठावं बी न्हाई," आई कळवळली.

"शेजारणीची लेकरंबी कोंबड्यांवरच जगत्यात, आई."

खड्डा दोघींनी मिळून खणला. लेक हुंदके देत होती, पण तिचा हात थांबला नाही.

रोग तिच्या दारातच अडला. पुढे कितीतरी दिवस पहाटे गावभर कोंबडे आरवायचे, लेकीचं अंगण तेवढं मुकं असायचं. धोंडाबाई ते ऐकायची आणि पदरात तोंड लपवून रडायची.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: आपलं एक वाचवताना दुसऱ्यांचं सगळं पणाला लागत असेल, तर ती माया नव्हे, मोह.