काटेसावरीवर गेलेले कोठार

मुलांनो, त्या सकाळी उंदरिणीला पहिल्यांदा खटकले ते एवढेच, की ढोलीचा डावा कोपरा रिकामा होता. अर्जुनाच्या बुंध्यातली ती ढोली म्हणजे त्या जंगलाचे सामाईक कोठार. ज्याला जमेल त्याने दाणे आणावेत, ज्याला हवे त्याने न्यावेत. आणलेल्या दाण्यांत कधी धोतऱ्याचे विषारी बीही येई. उंदरीण रोज एकेक दाणा हुंगून ते वेगळे काढी आणि डाव्या कोपऱ्यात पानाखाली झाकून ठेवी. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ती ते करते हे कोणाला ठाऊकही नव्हते.

मग तिने नीट पाहिले. सगळी ढोलीच रिकामी होती.

"गेले सगळे!" वरून आवाज आला, तशी ती दचकून भिंतीला चिकटली. फांदीवर माकड बसले होते. आठवड्यापूर्वी त्याने हे झाड बळकावले होते आणि दाणा उचलण्याआधी आपल्याला विचारायचे, असा नियम केला होता. "माझा नियम झोंबला ना! पाखरांनी कालच कोठार नदीकाठच्या काटेसावरीवर हलवलं."

"पण मला कसं कोणी सांगितलं नाही?"

"सभा झाली की, अगदी शेंड्यावर! बाईसाहेब आल्या नाहीत वाटतं?" माकड खिदळले.

"आणि... या कोपऱ्यातलं बी?"

"तेही नेलं. एक दाणा मागे ठेवला नाही म्हणून पोपट केवढा मिरवत होता! आज तिथे पिल्लांची पंगत आहे म्हणे."

उंदरीण धावत सुटली. एरवी पान सळसळले तरी ती बिळात पळे, पण आज ती थांबली नाही. काटेसावरीच्या खोडावर काटेच काटे. ती चढली, घसरली, पुन्हा चढली; पंजे रक्ताळले. वर पिल्लांचा कलकलाट चालला होता.

"दाणे खाऊ नका! त्यात धोतरा आहे!"

तिचा आवाज पहिल्या फांदीपर्यंतही पोहोचेना. जन्मात ती कधी ओरडली नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून पुन्हा हाक मारली.

वरचा कलकलाट एकदम थांबला. पानांआडून साळुंकी खाली डोकावली.

"थांबा रे पोरांनो, कोणी चोच लावू नका! बोल गं बाई, काय आहे त्यात?"

तात्पर्य : जे सर्वांचे आहे ते हलवण्याआधी, ज्याला उंच चढता येत नाही त्यालाही विचारावे, आणि मुकाट्याने राबणाऱ्यानेही आपण काय करतो ते वेळीच कोणाला तरी सांगून ठेवावे.