अकरा पिढ्या आणि एक चौकट

"ती चौकट आम्हाला हवी," निंबारगडचे महाराज रणधीरसिंहराव म्हणाले आणि त्यांनी तिकीटघराच्या खिडकीतून मोबाइल आत धरला.

राज्य कधीच गेलं होतं. महाराजांकडे आता एक किल्ला, एक संकेतस्थळ आणि भरपूर मिशा एवढंच उरलं होतं. मोबाइलवर कुणी विचारलं, ‘म्हाताऱ्या माणसांना चढता येईल असा किल्ला कोणता?’, की सगळ्यात वर चौकटीत ठळक उत्तर येई: सुरमाडगड. तो शेजारच्या राजाचा. तिथे बसगाड्यांची रांग, इथे माकडं.

"आपलं पान चौथं येतं," वेणू धनवडे म्हणाली. ती तिकिटं फाडायची आणि संकेतस्थळही सांभाळायची. "पण पानावर आधी तुमची वंशावळ आहे, अकरा पिढ्यांची. उत्तर पार तळाला. तिथवर जाईपर्यंत शोधणारं यंत्रही दमतं आणि माणूसही. दोन ओळींचं उत्तर वर घेऊ का?"

"वंशावळीतला एक शब्द कापायचा नाही. तिच्या डोक्यावर एक अक्षर बसवायचं नाही. आणि महिन्याभरात चौकट आमची! नाहीतर तिकीटघर बंद. किल्ला हॉटेलवाल्याला देऊन टाकतो."

तिकीटघर गेलं तर वेणूची नोकरी जाणार, आणि मागची खोलीही. त्या खोलीत ती आईला घेऊन राहत होती.

तिने पानावर नवे फोटो टाकले, अक्षरं मोठी केली. चौकट ढिम्म हलली नाही.

आठव्या दिवशी महाराज पाहणीला आले. वाटेत चार ग्लास उसाचा रस झाला होता. एरवी ते खिडकीशी बोलून तिथूनच परत फिरायचे; नवं स्वच्छतागृह कुठे बांधलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"वेणू, स्वच्छतागृह कुठाय?"

वेणू उठून उभी राहिली. तिने हात जोडले. "निंबारगडाचे संस्थापक, रणझुंजार, श्रीमंत भैरोजीराव यांनी..."

"अगं, स्वच्छतागृह."

"तिकडेच निघालेय, महाराज. भैरोजीरावांचे चिरंजीव हिरोजीराव. त्यांना तीन पुत्र. पैकी थोरले..."

महाराज या पायावरून त्या पायावर झाले. "चौथ्या पिढीपर्यंत आम्ही टिकत नाही, वेणू."

"अकरा आहेत. एक शब्द कापायचा नाही, असा हुकूम आहे."

"आधी उत्तर दे! मग सांग काय ती वंशावळ!"

"लेखी द्याल?" तिने कोरं तिकीट आणि पेन पुढे सरकवलं.

महाराजांनी उभ्याउभ्या लिहिलं: आधी उत्तर, मग वंशावळ. सही जरा वाकडी आली.

"उजवीकडे, चिंचेच्या मागे, वीस पावलं," वेणू म्हणाली.

महाराजांनी ती बारा पावलांत संपवली.

त्याच दुपारी पानाच्या माथ्यावर प्रश्न आला, लोक विचारतात त्याच शब्दांत. त्याखाली उत्तर: ‘निंबारगड. पायऱ्या दोनशे दहा, दर तीस पायऱ्यांवर बसायला कट्टा. सावकाश चढलं तर अर्धा तास.’ मग वंशावळ, अख्खी.

तेविसाव्या दिवशी चौकटीतून सुरमाडगड गेला आणि निंबारगड आला. पुढच्या रविवारी पायथ्याशी सहा बसगाड्या लागल्या. आजोबा उतरले, आजी उतरल्या, काठ्या उतरल्या. महाराज मात्र मोबाइल नाचवत खिडकीशी आले.

"पायऱ्या आहेत, कट्टे आहेत. चौकटीत आमचं नाव कुठाय?"

"चौकटीत नाव घातलं असतं, तर लोकांनी घरीच वाचून मोबाइल खिशात टाकला असता," वेणू तिकिटं फाडत म्हणाली. "आता ती बघा रांग. वर कट्ट्यावर बसा आणि सांगा अकराच्या अकरा पिढ्या. त्यांनी तिकीट काढलंय आणि गुडघेही दुखतायत. कुणी पळून जाणार नाही."

महाराज इतके हसले की रांगेतले आजोबाही कारण न कळता हसायला लागले. "तिकीटघर तुझं, खोली तुझी, हॉटेलवाला गेला उडत," असं म्हणून त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि खिडकीतून आत सरकवलं.

वेणूने ते उलटसुलट करून पाहिलं.

"सुट्टे नाहीत, महाराज," ती म्हणाली, आणि कडं हातात चढवलं.