दातांखालची जीभ

“...मग मला का नाही म्हणता, आक्का? आजवर एक तरी अक्षर चुकलंय माझं?”

“नाही. म्हणूनच.”

कृत्तिकाने ओठ आवळले.

कातळमाथ्याच्या मंत्रशाळेत तिच्याइतकं स्वच्छ कोणी म्हणत नसे, हे तिचे शत्रूही कबूल करत. आणि इथे स्वच्छ म्हणणं ही हौस नव्हती. मंत्र बिघडला की म्हणणारा जागच्या जागी दगड होई. अशी कितीतरी मुलं अंगणात उभी होती. बाकीची मुलं रोज सकाळी त्यांना आंघोळ घालत, तेल लावत, शाळेतल्या बातम्या सांगत, आणि मग वर्गात जाऊन तेच मंत्र शिकायला बसत.

अगदी टोकाला उभा होता तिचा धाकटा भाऊ, शार्दूल. गेल्या श्रावणापासून.

दगड सोडवणारा मंत्र एकच होता. त्याला मोठा दम लागे, आणि शाळा चालवणाऱ्या येसूआक्कांचा दम म्हातारपणाने नेला होता. कृत्तिकाला तो मंत्र पाठ होता. शाळा आहे की दगडांची खाण, नुसतं तेल चोळण्यात कसली आली विद्या, आणि परवानगी मिळाली नाही तर आपण विचारल्यावाचून म्हणू, असं सगळं तिने आक्कांना ऐकवलं. आक्का शेंगा सोलत ऐकत होत्या.

“आणि चुकलीस तर?”

“चुकणार नाही.”

“चुकलीस तर काय करशील, ते विचारलं मी.”

हा विचार तिने कधी केलाच नव्हता.

“त्यांच्या तोंडांकडे पाहून ये,” आक्का म्हणाल्या.

ती गेली. रोज पुसलेली तोंडं तिने आज पहिल्यांदा पाहिली. प्रत्येकाची जीभ दातांखाली होती. शार्दूलचीही. चूक कळली, जीभ चावली, गप्प झाले... आणि तसेच राहिले. चुकलं की जीभ चावायची, ही इथल्या प्रत्येक पोराची आईच्या मांडीवरची सवय.

“चुकले म्हणून नाही,” ती परत येऊन हळूच म्हणाली. “थांबले म्हणून.”

आक्कांनी शेंगांची टोपली सरकवली आणि भिंतीला धरून उठल्या.

कृत्तिका शार्दूलसमोर उभी राहिली. मंत्र सुरू झाला, नितळ, एका सुरात. अर्ध्यावर आला, आणि आक्कांनी गार पाण्याचा तांब्या तिच्या मानेवर उपडा केला.

ती दचकली. एक शब्द गळून पडला.

पावलं बधिर झाली. गारठा घोट्यांवर चढला, गुडघ्यांशी आला. तिची जीभ आपसूक दातांकडे गेली. पुन्हा पहिल्यापासून म्हणावं, नीट म्हणावं...

तिने जीभ ओढून काढली आणि पुढचा शब्द म्हटला. फाटक्या आवाजात. मग त्याच्या पुढचा. आक्कांवरचा संताप, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्या मंत्रात कालवलं गेलं, पण शेवटचं अक्षर येईपर्यंत ती थांबली नाही.

शार्दूलला खोकला आला.

“ताई,” तो म्हणाला, “किती घाण म्हणतेस गं.”

ती रडता रडता हसली. त्याला मिठी मारायला पाऊल उचललं तर अडखळली. गुडघे मोकळे झाले होते, घोटेही. डाव्या पायाची बोटं मात्र काळ्या दगडाचीच राहिली होती.

ती आक्कांकडे वळली. “तुम्ही मुद्दाम चुकवलंत मला. आता ही बोटं अशीच राहणार?”

आक्कांनी लुगड्याचा काठ थोडा वर उचलला.

घोट्यांपासून खाली दोन्ही पाय निव्वळ कातळ होते.

कृत्तिकाने वाकून त्यांना हात लावला.

“दुखतात?”

“छे. चालताना थोडा आवाज होतो,” आक्का म्हणाल्या. “चल, पुढचा कोण?”