चिंचेखालचा धागा

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथले पाटील मनानं चांगले, पण कटकटीचा त्यांना भारी कंटाळा. कुणी गाऱ्हाणं आणलं की नीट न ऐकताच निकाल देऊन मोकळे व्हायचे. इथंच तर घोडं पेंड खात होतं, बाळांनो!

गावात विणकरांची चार घरं होती. त्यांचा देव वेगळा, पूजाही वेगळी. सकाळी चावडीसमोरच्या चिंचेखाली सगळे गोल बसायचे, एकच सुती धागा सगळ्यांनी हातात धरायचा आणि डोळे मिटून गप्प राहायचं. घंटा नाही, ढोल नाही.

एके दिवशी वाणी तणतणत आला. "पाटील, त्या विणकरांना तिथून उठवा. त्रास होतो."

"कसला त्रास? ते तर गप्प बसतात!"

"त्या गप्प बसण्याचाच! आमची आरती मग उगाच मोठ्यानं वाटते."

पाटलांनी कपाळावर हात मारला आणि हुकूम काढला, "ज्याच्या पूजेचा दुसऱ्याला त्रास, त्यानं जागा बदलावी."

विणकरांतली एक म्हातारी पुढं आली. "पाटील, आमची पूजा चिंचेखालीच का, एवढं तरी विचारा."

"मावशी, मला वेळ नाही. तळ्याकाठी जा."

तळ्याकाठी पाणी भरणाऱ्या बायकांनी नाकं मुरडली. माळावर गुराखी भांडायला उठले. शेवटी बिचारे डोंगरावर गेले. म्हातारीला दोघांनी धरून न्यावं लागे. "देव म्हणजे काय पाटावरवंटा आहे, रोज उचलून इकडून तिकडे ठेवायला?" ती धापा टाकत म्हणायची. पण ऐकतंय कोण!

पाटलांना वाटलं, सुटलो. कसले सुटतात! हुकमाची चटक लागली होती ना सगळ्यांना. खालच्या आळीनं वाण्याची घंटा गावाबाहेर घालवली, वाण्यानं त्यांचा ढोल. रोज भांडण, रोज चावडी. पाटलांचं डोकं उठलं.

आणि एका सकाळी सगळा गाव पहारी घेऊन पाटलांच्याच दारात! तिथं त्यांच्या कुलदेवीची शिळा होती. पाटलांची आई रोज तिला हळदकुंकू वाहायची.

"गाड्यांना अडचण होते," वाणी म्हणाला. "देवी हलवा. हुकूम तुमचाच आहे."

आई शिळेला मिठी मारून रडू लागली. पाटील ओरडले, मग हातही जोडले. कुणी मागं सरेना.

तेवढ्यात डोंगरावरून विणकर उतरले. शिळेभोवती गोल बसले आणि त्यांनी धागा हातात धरला.

"ही तुमची देवी नव्हे!" वाणी खेकसला.

"नव्हेच," म्हातारी म्हणाली. "पण ती इथं असावी असं या माउलीला वाटतं. तेवढं पुरे. पुढं यायचं तर धागा तोडून या."

धागा तो केवढासा! पण आजवर सगळं हुकमाच्या आडून चाललं होतं. दुसऱ्याची पूजा स्वतःच्या हातानं मोडायला एकही पुढं येईना. एकेकानं पहार खाली टाकली.

पाटलांनी तिथल्या तिथं हुकूम रद्द केला आणि विणकरांना मानानं चिंचेखाली आणलं. मग ओशाळून विचारलं, "मावशी, आता तरी सांगा, चिंचेखालीच का?"

"आम्हाला तिथं बसावंसं वाटतं म्हणून!" म्हातारी कडाडली. "एवढंच तर सांगायचं होतं, पाटील! त्यासाठी या वयात डोंगर चढायला लावलात!"

तेव्हा लक्षात ठेवा: दुसऱ्याचा देव जागेवरून उठवू दिला, की आपल्या देवाची जागाही आपली राहत नाही.