तिसरी हाक

"मग तो पाय कुणाचा म्हणायचा, दाजिबा? माझा, की त्या यंत्राचा?"

मठीत राहणारे म्हातारे दाजिबा खाडीकडच्या पायरीवर बसले होते. खाडीवर धुकं उतरत होतं.

विचारणारा सगुण. माडावर चढून नारळ पाडायचा हा त्याचा धंदा. कमरेला दोर न बांधता चढायचा, आणि दोर बांधणाऱ्यांना हसायचा. गेल्या दिवाळीत पडला. कणा दुखावला, कमरेखालचं सगळं मुकं झालं. त्याची बायको जयवंती त्याला चाकाच्या खुर्चीत घालून, होडीनं पलीकडच्या काठावरून घेऊन आली होती.

शहरातल्या इस्पितळात त्याच्यावर चुंबकाचा इलाज चालला होता. कापाकापी नाही, सुई नाही. पाठीमागं एक चकती धरतात, टक् टक् होतं, आणि पाय आपसूक उडतो. होडीत टाकलेल्या माशासारखा. असं वीस वेळा घ्यायचं. नऊ वेळा झालं होतं. दहावी पाळी उद्या, आणि सगुण म्हणत होता, आता जायचं नाही.

तिथली व्यायाम घेणारी बाई रोज सांगायची, ठोका पडला की तुम्ही पण मनानं पाय उचला. यंत्रानं आणि तुम्ही, दोघांनी मिळून उचलायचा.

"आणि हे पंखा बघत पडतात," जयवंती म्हणाली. "पंख्याला पाती तीनच, दाजिबा. नऊ दिवस मोजतायत."

सगुण तिच्याकडं न बघता म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी पायाला. एकदा. नाही हलला... ह्या पायांना विचारून मी कधी माडावर चढलो नाही. आता त्यांच्या विनवण्या करू?"

दाजिबांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही.

पलीकडचे माड दिसेनासे झाले...

"काळोख पडेल," दाजिबा म्हणाले. "होडी बोलाव."

जयवंती उठली, तिनं तोंडाशी हात नेले. दाजिबांनी काठी आडवी धरली.

"तू नको."

सगुणनं पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारली. "इनासऽऽ"

धुक्यात गेली ती गेलीच.

आमच्या खाडीवर दिवेलागणीनंतर पहिल्या-दुसऱ्या हाकेला कुणी ओ देत नाही; भूत तिसरी हाक मारत नाही म्हणतात. सगुणला ते ठाऊक होतं. पण दुसरी मारायची त्याला लाज वाटत होती. एके काळी त्यानं नुसता रुमाल हलवला की होडी सुटायची.

पाणी पायरीला लागत होतं, मागं जात होतं...

त्यानं दुसरी मारली. आवाज मध्येच फाटला. पलीकडं काही नाही.

तिसरी मारताना त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. पाठ टेकलेली होती, ती सुटली. पोटाच्या तळातून आली ती हाक. जयवंतीनं डोळे मिटले.

...

मग लांबून, झोपेतून आल्यासारखी, ओ आली. आणि पाण्यात वल्ह्याचा आवाज. होडी दिसत नव्हती, नुसता आवाज जवळ येत होता.

सगुण किती तरी वेळ ऐकत राहिला.

"म्हणजे इनास काठावरच होता," तो हळू म्हणाला. "पहिलीच ऐकली असणार त्यानं. मग ओ का नाही दिली?"

विचारताना तो पाण्याकडं बघत नव्हता. आपल्या पायांकडं बघत होता.

दाजिबांनी काठी उचलून मांडीवर घेतली.

"हाक मारणारं माणूस आहे का, ते बघत होता."