वडसांगीचा ओटा

हा घाट नाही. येणारा प्रत्येक पाहुणा आधी घाटच म्हणतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. या एकवीस पायऱ्या नीट बघा, त्या गावाच्या बाजूने वर चढतात आणि माथ्यावर संपतात. पाण्याच्या बाजूला सरळ भिंत आहे. इथून कोणी कपडे धूत नाही, घागर भरत नाही, पोहायला उडी मारत नाही. माथ्यावर चारशे माणसे ऐसपैस बसतील एवढा ओटा आहे आणि सगळ्यांची तोंडे तळ्याकडे होतील अशी त्याची बांधणी आहे. हा ओटा खेळ बघण्यासाठी बांधलेला आहे.

हसा. सगळेच हसतात. पाण्यात कसला खेळ, असेही विचारतात. तेव्हा पाणी नव्हते.

या जागी मुरमाचा माळ होता, असे सांगतात. गावकूस आणि ओढा यांच्यामधली चिंचोळी पट्टी. श्रावणात सगळीकडे चिखल व्हायचा, पण मुरमात पाणी ठरत नाही, त्यामुळे इथे पाय रुतत नसे. नागपंचमीला अख्खा गाव इथे जमायचा. मुलांच्या आट्यापाट्या, हुतूतू, बायकांच्या फुगड्या आणि कडेच्या लिंबाला झोके. वर्षातून एकदा गावाचे तोंड हसरे व्हायचे ते याच माळावर. जागा मात्र अपुरी. एक डाव संपेपर्यंत दुसऱ्यांनी ताटकळायचे, त्यात भांडणे व्हायची.

ओढ्यापलीकडे बेलदारांची पाले होती. माती खणणे, दगड फोडणे, गाढवांवरून वाहून नेणे हा त्यांचा धंदा. गावातल्या निम्म्या भिंती त्यांच्याच हातच्या, पण त्यांच्या पोरांना माळावर खेळू देत नसत. तोंडावर कोणी वाईट बोलायचे नाही. एवढेच सांगायचे, जागा नाही. नागपंचमीला जमिनीत लोखंड घालायचे नाही हा नेम, त्यामुळे बेलदारांना वर्षात तेवढाच एक दिवस रिकामा. त्या दिवशी त्यांची पोरे ओढ्याच्या दरडीवर रांगेत उभी राहून गावाचा खेळ बघायची.

त्यात तुळाजी बेलदाराची मुलगी हौसा होती. नऊ वर्षांची. असली चपळ की सुटलेल्या गाढवाला ती पळून गाठायची, असे म्हणतात. आट्यापाट्यांचा एकही डाव न खेळता तिला सगळे डाव पाठ होते. दरडीवरून ती एकटीच हुलकावण्या द्यायची, समोर कोणी नसताना.

त्या काळी रायाजी पाटील म्हणून पाटील होते. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. एका वर्षी त्यांनी चावडीवर सभा घेतली आणि जाहीर केले, की आठवडी बाजाराच्या वसुलीतला एक हिस्सा दरसाल माळासाठी बाजूला काढायचा. ओढ्यापर्यंतची बाभळवण तोडायची, जमीन सारखी करायची, माळ दुप्पट करायचा. काम तुळाजीला. तुळाजीने मजुरी नको म्हटले. माळ वाढला की बेलदारांच्या पोरांनी तिथे खेळावे, एवढे मागितले. पाटलांनी शब्द दिला. तेव्हा तुळाजीने भर सभेत हात जोडून सांगितले, "माझी हौसा ह्या माळावर डाव खेळंल, तवाच मी खाली बसंन. तवर मी उभाच."

लोक खूश झाले. काहींच्या डोळ्यांत पाणी आले, असेही सांगतात.

मग कोणीतरी एक शंका काढली. कोणी काढली ते नाव राहिले नाही, आणि बरेच झाले, नाहीतर आपण त्या एकट्यावर सगळे ढकलून मोकळे झालो असतो. शंका अशी, की माळ एवढा मोठा झाला तर मागच्यांना दिसणार कसे? म्हाताऱ्यांनी बसायचे कुठे? आधी एक ओटा घालावा, मग माळ. कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. ओट्याला भराव लागणार, आणि मुरूम डोंगरावरून आणायचा तर सगळा हिस्सा वाहतुकीतच जायचा. तेव्हा ठरले की माळाच्याच एका कोपऱ्यातून तो काढावा, नंतर भरून घेऊ.

तुळाजी मातीतला माणूस. तो एकदाच बोलला. "पाटील, माती कुठनंतरी येतीच. हितली काढली तर हितंच खड्डा पडंल."

पाटील म्हणाले, "एवढा ओटा हूं दे. मग सगळा हिस्सा माळालाच."

तुळाजीने कुदळ उचलली. त्याची चूक म्हणाल तर एवढीच. मातीचे त्याला कळत होते, पण दिलेल्या शब्दाला त्याने मातीपेक्षा जास्त मानले.

पहिल्या वर्षी ओटा गुडघ्याएवढा झाला. बसून बघण्याची मजा काही वेगळीच, हे गावाला त्या नागपंचमीला कळले. दुसऱ्या वर्षी बायकांना वेगळी जागा हवी म्हणून तो लांबवला. पुढे जहागीरदारांचा कारभारी खेळ बघायला येणार असे कळले, त्याला सगळ्यांच्या बरोबरीने कसे बसवायचे, म्हणून मधला भाग उंच केला. मग मधला उंच तर कडा बुटक्या दिसतात म्हणून कडा उचलल्या. कारभारी काही आला नाही. हिस्सा दरसाल निघायचा आणि दरसाल ओट्याला लागायचा, आणि दर खेपेला कारण खरेच असायचे. ओटा चढत गेला तसा माळ आत जात राहिला. सहा पाट्यांचा डाव चार पाट्यांवर आला, मग झोक्याचा लिंब मुळे उघडी पडून कलंडला. खड्डा दिसत होता सगळ्यांना. पण ओटा एवढा छान झाला होता की बघणारे वर ओट्याकडेच बघायचे.

तुळाजी उभ्याने खणायचा, उभ्याने भाकर खायचा. गावात त्याला बसलेले कोणी पाहिले नाही. झोपायचा तो ओढ्यापलीकडे, एका खांबाला पाठ लावून, असे म्हणतात. लोक कौतुक करायचे, त्याला दुवा द्यायचे. हौसा दर पंचमीला विचारायची आणि तो सांगायचा, पुढच्या साली.

पोरपण कोणासाठी थांबत नाही. नवाची हौसा चौदाची झाली, तिचे लग्न ठरले. श्रावण संपला की ती लांबच्या तांड्यात जाणार होती. तेव्हा तुळाजी पाटलांकडे गेला. माळ राहू द्या, म्हणाला, आहे तेवढ्या जागेत पोरीला पंचमीचा एक डाव खेळू द्या. पाटील लगेच हो म्हणाले. त्यांना वाईट वाटले होते. त्यांनी तर बेलदारांनाही ओट्यावर शेवटची ओळ बसायला दिली.

त्या साली पाऊस धो धो होता. मुरूम सगळा ओट्यात गेलेला, खाली नुसता खडक उघडा पडलेला. पाणी मुरेल कुठे? नागपंचमीला दुपारी गाव ओट्यावर चढला. पहिल्यांदाच सगळ्यांना बसायला जागा मिळाली होती, मागच्यालाही पुढचे स्वच्छ दिसत होते. हौसा कासोटा घट्ट खोचून खाली आली. तिच्यासमोर काठोकाठ भरलेला खड्डा होता. भोवती दोन पावले रुंद अशी निसरडी कड. ती त्या कडेने एक फेरी चालली. मग वर ओट्याकडे बघून बापाला म्हणाली,

"आबा, खेळू कुठं?"

पाटील खाली मान घालून बसले.

तुळाजीने कुदळ घेतली आणि ओट्याच्या कडेला पहिला घाव घालायला गेला. ओटा पाडून खड्डा बुजवायचा त्याचा विचार होता. लोक वरूनच ओरडले, आज पंचमी आहे, लोखंड लावू नको. त्याने कुदळ ठेवली. नखांनी मुरूम उकरायला लागला. पाटी भरायची, कमरेएवढ्या पाण्यात उतरायचे, ओतायची, परत यायचे. एक पाटी, दुसरी पाटी. हौसा त्याच्याबरोबर वाहायला लागली, बेलदारही उतरले. गाव वर बसून होता. कोणाला वाटले पाटील उठतील, पाटलांना वाटले कोणीतरी उठेल. असे दिवस मावळेपर्यंत चालले म्हणे, आणि एकवीस पायऱ्या उतरून गावातले कोणी खाली आले नाही.

शेवटच्या पाटीला तुळाजी आत गेला तो वळलाच नाही. पोरीने हाक मारली तेव्हा कळले, की त्याचा जीव गेला आहे. पाय नव्या भरावाच्या गाळात मांडीपर्यंत रुतले होते. डोक्यावर पाटी तशीच, एक हात पाटीला. मरणानेही त्याला खाली बसवले नाही. बेलदारांनी त्याला काढले, रातोरात पाले उठवली आणि ते या शिवेत पुन्हा कधी आले नाहीत. हौसाने जाताना मागे पाहिले की नाही, याबद्दल काही सांगत नाहीत. मला वाटते, कोणाला तिच्याकडे बघण्याची हिंमतच झाली नसावी.

तेव्हापासून या तळ्याचे पाणी हटत नाही. दुष्काळात विहिरी आटल्या, हे आटले नाही. कितीही भराव घाला, तळ लागत नाही, असे म्हणतात. खरे सांगायचे तर एवढ्या पिढ्यांत भराव घालून कोणी बघितलेला नाही.

आजही नागपंचमीला सगळा गाव दुपारी ओट्यावर येतो आणि कोणी बसत नाही. अनवाणी, न बोलता, दिवे लागेपर्यंत उभे राहायचे. लहान पोरेसुद्धा उभी राहतात. तेवढेच करायचे, आणि मग घरी जायचे. पाटी कोणी उचलत नाही. नेम उभे राहण्याचा आहे, पाटी उचलण्याचा नाही.

तुम्ही विचाराल, अजून मुलांना जागा झाली नाही का? मी पंधरा वर्षे पंचायतीत होतो. क्रीडांगण, बाग, मुलींच्या कबड्डीचे शिबिर, यासाठी त्या काळात तीनदा सरकारी निधी मंजूर झाला. पहिल्यांदा ओट्याची डागडुजी निघाली. नंतर दिवे लागले. तिसऱ्या खेपेला म्हातारी माणसे पंचमीला पावसात भिजतात म्हणून वर हे पत्र्याचे छप्पर आले. या छपराच्या ठरावावर माझी सही आहे. गोष्ट मला तेव्हाही पाठ होती. सही करताना ती आठवलीही होती, आणि तरी कारण खरे वाटले. याची मला लाज वाटते, पण लाज वाटून काही होत नाही, हेही आता कळले आहे.

आजही गावातल्या मुली संध्याकाळी कबड्डी खेळतात. तळ्यापलीकडच्या डांबरी रस्त्यावर चुन्याची रेघ ओढतात, एस.टी. आली की बाजूला होतात, गेली की पुन्हा रेघेवर येतात. गुडघे सोललेले असतात. आम्ही म्हातारे रोज इथे येऊन बसतो. ओट्यावरून तो रस्ता चांगला दिसतो.