न बघता नाचलेलं मोहोळ

सातेरी मधमाश्यांच्या अंगी थोडी अक्कल शिल्लक होती, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा नवं घर निवडायचं तर एखादी माशी ढोली बघून यायची आणि नाचून तिची वाट सांगायची. बाकीच्या स्वतः जाऊन पारखायच्या, पटलं तरच नाचायच्या. ज्या ढोलीसाठी जास्त जणी नाचतील, तिथं बिऱ्हाड. म्हातारी गयना अशाच चार घरांत सुखानं राहिलेली.

त्या साली अस्वलाला आयता मध हवा होता. त्यानं आंब्याच्या बुडातल्या ढोलीला गूळ फासला. गूळ चाटून आलेल्या काही जणी अशा नाचल्या, की अर्धं मोहोळ न बघताच नाचायला लागलं. उरलेलं अर्धं त्यांच्यावरच्या रागानं जांभळाच्या ढोलीसाठी नाचू लागलं. तीही कुणी पाहिली नव्हती.

झिजल्या पंखांनी गयना सगळीकडं जाऊन आली.

"पोरींनो, आंब्यात अस्वलाचा पंजा सहज शिरतो. जांभळात मुंग्या आहेत. बेहड्याची ढोली उंच आहे, कोरडी आहे. बघून तर या."

"ते राहू दे गं म्हातारे. तू कुणाच्या बाजूची?"

"मी बघून आलेय."

"म्हणजे तिकडचीच," दोन्हीकडून एकदम उत्तर आलं.

आंब्याचे नाच थोडे जास्त भरले. मोहोळ तिकडं उडालं. गयनाही मागून गेली, पोरी तिच्याच होत्या. सगळ्या आत शिरून पोळं बांधायला लागल्या. गयना ढोलीच्या तोंडाशी बसली, पंजा आधी जिथं येणार होता तिथं.